बंब, वर्दी आणि गाठ

आमच्या खानदेशात 'बंब' म्हटलं की दोन वस्तू डोळ्यांसमोर येतात. एक न्हाणीघराच्या कोपऱ्यातला तांब्याचा, ज्याच्या पोटात पऱ्हाट्या सारून अंघोळीचं पाणी तापवायचं. दुसरा लाल, घंटा वाजवत धावणारा. एक आग पोटात घेऊन पाणी देतो आणि दुसरा पाणी पोटात घेऊन आगीकडे जातो, तरी दोघांचं नाव एकच, याचं मला लहानपणी फार कोडं वाटायचं. जाणकार या शब्दाचं नातं पोर्तुगीज 'बोंबा'शी लावतात. बोंबा म्हणजे पंप. मलेशियात तर आजही अग्निशमन दलाला सरळ 'बोंबा' म्हणतात. म्हणजे जळगावच्या गल्लीत पोरं "बंब आला, बंब आला" करत धावतात तेव्हा क्वालालंपूरच्या पोरालाही बहुधा कळेल की कुठंतरी काहीतरी पेटलंय!

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझे मामा. घरच्या वाचकांना कोणते मामा ते लगेच कळेल, बाकीच्यांना नाव कळून तसा उपयोग नाही. खानदेशातल्या एका नगरपालिकेच्या बंबावर त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या आधी त्यांचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, तिथेच होते. गेल्या दिवाळीत मामांशी तासन् तास गप्पा झाल्या आणि एक गोष्ट प्रथमच नीट लक्षात आली. आगीशी लढायचं जे ज्ञान या माणसांकडे असतं त्यातलं फार थोडं कागदावर असतं. बाकीचं आबांनी मामांना सांगितलेलं असतं आणि मामांनी पुढच्या पोरांना. कधी शिवी घालून, कधी हाताला धरून.

अग्निशमन दलाची अधिकृत भाषा सगळी इंग्रजी. फायरमन, लीडिंग फायरमन, सब-ऑफिसर हे हुद्दे, होज, ब्रँच, कपलिंग, सक्शन ही सामानाची नावं. पण आगीची खबर आली की ती 'वर्दी'. वर्दी मिळाली, वर्दीवर गेलो, वर्दी खोटी निघाली. अंगावरचा गणवेशही वर्दीच, त्यामुळे मामांच्या बोलण्यात कुठली वर्दी चालली आहे हे संदर्भावरून ओळखावं लागतं. आणि हुद्दा काहीही असो, वयाने मोठा माणूस म्हणजे आप्पा, नाना नाहीतर आबा. "नाना, ब्रँच धरा" असं वाक्य मी स्वतः ऐकलंय.

नवीन भरती झालेल्या पोराला सगळ्यात आधी काय शिकवायचे, असं विचारलं तर मामा म्हणाले, "गाठी." दोर बांधायच्या गाठी. माणूस वरून खाली सोडायचा असेल तर एक गाठ, होज वर ओढायचा असेल तर दुसरी, शिडी बांधायची तर तिसरी. पुस्तकात चित्रं असतात, पण चित्र बघून गाठ येत नाही. मामांना आबांनी या गाठी अंधारात बांधायला लावल्या होत्या, कारण धूर भरलेल्या खोलीत डोळ्यांचा काही उपयोग नसतो. मामांनीही पुढे पोरांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून तेच केलं.

खानदेशात 'गाठ' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे तो वेगळा सांगायला नको. कापसाची गाठ. आणि आमच्याकडच्या बंबवाल्यांची खरी परीक्षा याच गाठीने घेतली आहे.

थोडं मागे जायला हवं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. कापसाचा व्यापार जळगावात एकवटला, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. १८७० च्या दशकात तिथे खानदेश मिल उभी राहिली. पुढे अमळनेर आणि धुळे इथल्या प्रताप मिलही आल्या. शेतातून सरकीसकट कापूस यायचा, जिनमध्ये सरकी वेगळी व्हायची, रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधल्या जायच्या. गिरण्यांचे भोंगे आता थांबले, पण जिन-प्रेस आजही आहेत, आणि दिवाळीनंतर त्यांच्या आवारात कापसाचे पांढरे डोंगर उभे राहतात. एसटीने जाताना लहानपणी मला तो बर्फ वाटायचा. बर्फ काय असतो हे पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

या डोंगराला आग लागायला फार काही लागत नाही. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, तो जिनच्या फिरत्या भागावर आपटतो, ठिणगी उडते. कधी बेअरिंग तापतं. कधी कुणाची तरी विडी. उघडा कापूस भर्रकन पेटतो. वरवरची तंतूची लव क्षणात जळत जाते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं संपलं. मामा म्हणतात, ती आग सोपी. दिसते, पाणी मारलं की विझते. अवघड आग गाठीतली.

आता यात थोडं विज्ञान आहे, कंटाळू नका. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. औषधाच्या दुकानातला कापूस पाणी पितो, कारण तो धुऊन, उकळून तो थर काढलेला असतो. शेतातला कापूस तसा पाणी पीत नाही. त्यात गाठ म्हणजे १७० किलो रुई यंत्राने दाबून पट्ट्यांनी आवळलेली. बाहेरून कितीही पाणी मारा, ते वरच्या थरावरून ओघळून जातं. आणि आत? ठिणगी प्रेसमध्ये जाताना रुईत अडकली असेल तर ती आत जिवंत राहते. ज्वाला नसते, कारण हवा कमी. पण तंतूंच्या मध्ये जी थोडी हवा असते तेवढ्यावर ती धुमसत, रांगत पुढे सरकते. तास, दिवस. गोदामात रचलेली गाठ मग कधीतरी मध्यरात्री फुटते आणि शेजारच्या शंभर गाठींना घेऊन बसते.

म्हणून आबांनी मामांना जे शिकवलं ते असं. जिनची आग विझली असं मालक म्हणेल, लोक म्हणतील, ऐकायचं नाही. गाठी ओढून बाहेर मोकळ्यावर काढायच्या, एकमेकींपासून लांब ठेवायच्या. मग हाताने चाचपायच्या. नाक जवळ न्यायचं, जळक्या फडक्यासारखा वास येतो का बघायचं. शंका आली तर पट्ट्या तोडायच्या, गाठ फोडायची, थर थर सोडवून भिजवायची. टाकीतल्या पाण्यात कपडे धुवायची पावडर घालायची, म्हणजे पाणी रुईत शिरतं. (हे शास्त्रशुद्धच आहे. मोठ्या दलांकडे याच कामासाठी वेगळी रसायनं असतात.) आणि रात्रभर तिथे एक माणूस ठेवून यायचं. मालक चिडतो, कारण फोडलेल्या गाठीचं नुकसान होतं. त्याला बोलू द्यायचं.

या 'बोलू द्यायचं'वर मामा जरा थांबले होते. आबांच्या वेळी एका जिनमध्ये मालकाचं ऐकून गाठी न फोडता बंब परत आला होता, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वर्दी आली होती. त्या वेळी काय काय जळालं ते मामांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता १४ एप्रिलकडे येतो. देशभरातल्या अग्निशमन दलांचा सगळ्यांना समान असा एकच दिवस आहे आणि तो या गाठीशीच जोडलेला आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज दोन दिवसांपूर्वी येऊन लागलेलं होतं. महायुद्धाचे दिवस. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी. शिवाय लाकूड, तेल, गंधक. असला माल एकत्र भरायला कप्तान नेस्मिथ यांची नाराजी होती असं म्हणतात, पण युद्धात कोण कुणाचं ऐकतं. दुपारी दीड-दोनच्या सुमारास खालच्या कापसातून धूर येताना दिसला. बॉम्बे फायर ब्रिगेडचे बंब आले. स्फोटकांचं जहाज असल्याची खूण म्हणून लाल बावटा लावायची शांततेच्या काळातली पद्धत युद्धामुळे पाळली जात नव्हती, त्यामुळे आजूबाजूच्या जहाजांना आणि हमालांना शेजारी काय उभं आहे याची कल्पनाच नव्हती. जहाज बुडवायचं, की समुद्रात ओढून न्यायचं, की जागेवरच विझवायचं, यावर अधिकाऱ्यांत खल होत राहिला. फायरमन मात्र पाणी मारत राहिले. जवळजवळ दोन तास. आणि पाणी साचलं तसतसा जळता कापूस त्यावर तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेला सरकत गेला, असं या घटनेवर लिहिणारे सांगतात.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. त्याचा धक्का १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्यातल्या भूकंपमापकावर नोंदला गेला. पेटत्या कापसाच्या गाठी आकाशात उडून आसपासच्या जहाजांवर, वखारींवर आणि वस्त्यांवर पडल्या. किती माणसं मेली याचा नक्की आकडा कधीच लागला नाही. आठशेपासून तेराशेच्या पुढेपर्यंत अंदाज आहेत. पण फायर ब्रिगेडचा आकडा पक्का आहे, ६६.

एका शहराच्या दलातली ६६ माणसं एका दुपारी गेली. आपण त्यांचं शौर्य आठवतो ते बरोबरच, पण मला दुसरीच एक गोष्ट खटकत राहते. त्या ६६ जणांत अनेक जण असे असणार की ज्यांना मुंबईच्या गल्ल्या, हायड्रंट, चाळींचे जिने तळहातासारखे पाठ होते. ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. दुसऱ्या दिवशी जे उरले त्यांनी नवी माणसं घेऊन पुन्हा शिकवायला सुरुवात केली असेल. आगी पूर्ण आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि गोदीतला मलबा उपसायला हजारो माणसं महिनोन् महिने राबत होती.

तेव्हापासून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १४ ते २० एप्रिल सप्ताह. मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयात मानवंदना होते. आमच्याकडे, जळगाव-धुळ्याकडे, एक गंमतशीर अडचण आहे. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. गावभर मिरवणुका, रोषणाई, विजेच्या तारा, गर्दी. म्हणजे बंब बंदोबस्ताला. मामा सांगतात, सकाळी लवकर स्टेशनवर रांगेत उभं राहायचं, दोन मिनिटं शांत, हार घालायचा आणि लगेच मिरवणुकीच्या मार्गावर जाऊन रात्री उशिरापर्यंत उभं राहायचं. त्यांच्या स्मृतिदिनाचा बहुतेक वेळ ड्युटीवर जातो आणि गावाला पत्ताही नसतो की या माणसांचा आज दिवस आहे. पण मामांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. "दोन्ही एकाच दिवशी केलं की लक्षात राहतं," म्हणाले. त्या दोन मिनिटांच्या आधी आबा नव्या पोरांना जहाजाची गोष्ट सांगायचे. पुढे मामा सांगू लागले. मामांच्या गोष्टीत जहाजाचं नाव 'फोर स्टीकर' झालं होतं, पण ६६ चा आकडा आणि कापूस, दोन्ही बरोबर होते.

वाचता वाचता मला याच जातीची एक जुनी आग सापडली, लंडनची. २२ जून १८६१, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेतल्या यादवीने आपल्या कापसाचं नशीब उघडलं त्याच वर्षी, थेम्सच्या काठी टूली स्ट्रीटवरच्या वखारी पेटल्या. धक्क्याचं नाव कॉटन्स व्हार्फ. आत ताग, अंबाडी, कापूस, चरबी, साखर. वखारींमधले लोखंडी दरवाजे बंद असायला हवे होते, ते उघडे राहिले होते. लंडनच्या दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड दमलेल्या आपल्या माणसांना ब्रँडी वाटत फिरत असताना त्यांच्या अंगावर भिंत कोसळली. ही आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले. दाबलेल्या तागा-कापसाची धुमसणारी आग म्हणजे काय हे आबांना माहीत होतं, त्यांना याचं आश्चर्य वाटलं नसतं.

ब्रेडवुड यांचा मला आठव येतो तो आणखी एका कारणाने. साहेब पुढे. दलाचा प्रमुख आगीच्या तोंडाशी आपल्या माणसांबरोबर असतो, ही रीत तिथून इथपर्यंत चालत आलेली दिसते. १९४४ मध्ये मुंबई ब्रिगेडचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज स्वतः गोदीत होते. ते वाचले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली तेव्हा मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन आघाडीवर होते. इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले, अमीन आणि नेसरीकर भाजल्यामुळे पुढच्या पंधरवड्यात गेले. चारही अधिकारी.

या रीतीबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. प्रमुखाने जरा मागे उभं राहून सगळं चित्र बघावं, आत कोण गेलं, किती वेळ झाला याचा हिशोब ठेवावा, असं आजचं शास्त्र सांगतं, आणि ते मला पटतं. एका आगीत दलाने आपला सगळा अनुभव पणाला लावू नये. मामांना हे म्हटलं तर ते लगेच हो म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण आत जा म्हणणारा बाहेर उभा राहिला तर पोरगं आत जात नाही. जातं, पण अर्धं जातं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बरं, हे सगळं पुढे जातं कसं? आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत घातलं आहे. म्हणजे ज्याचा त्याचा बंब. जळगावचा वेगळा, धुळ्याचा वेगळा, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर सगळ्यांचे वेगळे. धुळे आणि जळगाव दोन्ही २००३ मध्ये महापालिका झाल्या, तरी व्यवस्था तीच. शिक्षणासाठी नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. ते १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. तिथून शिकून आलेल्यांचा मामांना फार आदर. पण तिथे जाऊन येतो तो अधिकारी. साधा फायरमन गाठ फोडायला शिकतो तो शेजारी उभ्या असलेल्या नानाकडून. आणि स्टेशनच्या वहीत काय लिहिलं जातं? वर्दीची वेळ, ठिकाण, आगीचं कारण, अंदाजे नुकसान, परत आल्याची वेळ. गाठीला नाक लावायचं हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कायमचा माणूस आला नाही. ठेक्यावर पोरं आली. पोरं चांगली, धीट, मामांपेक्षा शिकलेली. पण करार थोड्या महिन्यांचा. आज आहे, उद्या दुसरीकडे जास्त पगार मिळाला की तिकडे. दोन-तीन हंगाम जिनच्या आगी बघितल्याशिवाय हाताला गाठ कळत नाही, आणि तोवर पोरगं टिकत नाही. शिकवणाऱ्यालाही वाटतं, कशाला शिकवू? हे मामांच्या एकट्या गावाचं नाही, राज्यातल्या अनेक पालिकांत हेच चाललंय.

तरी जुनं तेच खरं असं मी म्हणणार नाही, कारण आगीही बदलल्या. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, दहाच्या वर माणसं गेली. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यातल्या चिपलीपाड्याला वाढदिवसाच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून चार बायका गेल्या. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यांवरून रात्रंदिवस टँकर धावतात आणि आत काय आहे ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. इथे आबांची युक्ती चालत नाही. काही रसायनांवर पाणी मारणं म्हणजे आगीत तेल. मामा स्वतः सांगतात की शेवटच्या वर्षांत ते टँकरच्या वर्दीवर गेले की नव्या पोराला पाटी वाचायला पुढे पाठवत, कारण त्याला आकडे आणि खुणा कळायच्या. म्हणजे शिकवणं उलटं सुरू झालं होतं, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता.

दसऱ्याला मात्र क्रम ठरलेला. बंब धुवायचा, झेंडूची तोरणं, रेडिएटरवर कुंकवाचा स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. पूजा सगळ्यात जुन्या माणसाने करायची आणि नारळ सगळ्यात नव्याने फोडायचा. मामांनी नोकरीच्या पहिल्या दसऱ्याला नारळ फोडला होता आणि शेवटच्या काही दसऱ्यांना पूजा केली. आता स्टेशनवरून बोलावणं येतं, गुडघे चालले तर ते जातात.

दिवाळीत निघताना मी एक दोनशे पानी वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, मामा, जे आठवेल ते यात लिहा. "माझं अक्षर तुला वाचता येणार नाही, तू लिही, मी सांगतो," म्हणाले. मग बसलो. पहिल्या पानावर कापसाच्या गाठीचं सगळं लिहून झालं. दुसऱ्या पानावर त्यांनी सांगितलेलं एवढंच आहे: 'विहिरीत माणूस पडला तर आधी कंदील सोडावा. कंदील विझला तर दोर बांधूनसुद्धा उतरू नये. आधी खालची हवा हलवावी. त्यासाठी...' इथे मामी दूध आणि गोळ्या घेऊन आल्या आणि "बाकीचं सकाळी" म्हणून मामा उठले. सकाळी साडेसहाला माझी गाडी होती.